उत्तरेकडची परांची

लूकस गवंड्याने माझ्या हातातली थापी काढून घेतली, त्या समयी आमच्या नव्या प्रार्थनामंदिराच्या अर्ध्या बांधकामाभोवती सुमारे दीडशे माणसे उभी होती. पाळक यशयाबुवांची प्रार्थना नुकतीच संपली होती. उत्तरेच्या भिंतीला उंच परांची, म्हणजे बांबूची माचण, लागली होती, मानाचा कोपरा मात्र मोकळा ठेवला होता. तिथे कोनशिला दोरांवर टांगलेली होती, आणि तिच्याखाली चुन्याची पहिली थापी घालण्याचा मान माझा होता.

"पातळ हाय हा चुना," लूकस म्हणाला. "कोनशिला हाय मास्तर, पोथी न्हाई. वाचून उभी राहत नसती."

लोक हसले. मी चौथी इयत्ता उत्तीर्ण होतो आणि दर रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचीत असे, म्हणून लूकस मला मास्तर म्हणे. एरवी मला ते गोड लागे. त्या दिवशी मी त्याला एक वाक्य बोललो. त्याचा चुन्याने माखलेला पंजा माझ्या गालावर असा बसला की माझा फेटा कोनशिलेच्या खड्ड्यात जाऊन पडला.

फेटा काढायला कोणी वाकले नाही. मीच गुडघे टेकून तो काढला. वर पाहिले तेव्हा चुन्याची थापी घालून झाली होती, आणि ती लूकसने घातली होती.

मी सिलास थोमा पगारे. माझे वडील आमच्या ख्रिस्तवाडीतले पहिले विश्वासणारे. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांचे पाणी तोडले होते. पुढे वस्ती वाढली, परंतु प्रत्येक कार्यात पहिला मान थोमाच्या घराचा, हे कोणी न लिहिता सर्वांना पाठ झालेले होते. मी सव्वीस वर्षांचा होतो. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती, आणि त्या मानाखेरीज त्यांनी मजसाठी मागे एकच वस्तू ठेवली होती: तांब्याची तीन कडी बसवलेली त्यांची काठी.

त्या संध्याकाळी आईने ती काठी खुंटीवरून काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.  माझ्या गालावर चुन्याची चार बोटे अजून होती. मी ती धुतली नव्हती.

आमच्याकडे जुन्या काळापासून एक रीत होती. बाप्तिस्म्याच्या पाण्याने पुष्कळ रीती वाहून गेल्या, ही मात्र राहिली. ज्याचा भरल्या सभेत अपमान झाला त्याने आपल्या घरची काठी अपमान करणाराच्या उंबऱ्यावर आडवी ठेवायची. त्याने ती बाहेर फेकली तर तो हरला, आणि वस्ती त्याला जन्मभर बांगड्यांवरून बोलणार. त्याने ती घरात घेतली तर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या प्रहरी, ओढ्याच्या पात्रात यायचे. त्याच्या हाती आपलीच काठी, आपल्या हाती दुसरी. आपल्याच काठीपुढे छाती काढून उभे राहण्यातच मोठेपणा मानीत. पहिला वार काठी पाठवणाराचा. साक्षीदार कोणी नाही, आणि परतणाराला कोणी काही विचारायचे नाही.

बुधवारी पहाटे मी वडिलांची काठी लूकसच्या उंबऱ्यावर ठेवून आलो. उजाडल्यावर मुद्दाम त्या वाटेने गेलो. उंबरा रिकामा होता आणि अंगणातही काठी नव्हती. त्याने ती आत घेतली होती.

गुरुवारी दुपारी यशयाबुवा आमच्या घरी आले. त्यांचा डावा कान बहिरा होता, म्हणून ते नेहमी उजवी बाजू पुढे करून बसत. मंदिराच्या कामाविषयी बोलायला ते लूकसकडे गेले होते आणि तिथे भिंतीला टेकलेली तांब्याच्या तीन कड्यांची काठी त्यांना दिसली होती. थोमाची काठी त्यांना ओळखू येणार नाही हे शक्यच नव्हते. त्यांनीच माझ्या वडिलांना पुरले होते.

आईने चहा ठेवला. बुवांनी तो बशीत ओतला आणि मला विचारले की उद्या तिसऱ्या प्रहरी मी कुठे असणार.

मी म्हणालो, जिथे थोमाच्या मुलाने असावे तिथे.

"शुक्रवार, आणि तिसरा प्रहर," बुवा म्हणाले. "येशूने प्राण सोडला तीच वेळ. दिवस बरा काढलास."

त्यानंतर जे बोलणे झाले ते मी आजवर पुष्कळ वेळा मनात फिरवले आहे, म्हणून त्यातले बरेचसे मला स्मरते. बुवांनी आवाज चढवला नाही. त्यांनी मला विचारले की काठीने मी जिंकलो तर नेमके काय सिद्ध होईल? चुना घट्ट होता, हे? मनगट ज्याचे जाड तो खरा ठरत असेल तर पंचायतीत पाटलाच्या बैलाला बसवावे. त्याच्याइतके न्यायी दुसरे कोणी सापडणार नाही. माझ्या आईला हसू आले आणि तिने ते पदराने पुसले. मला मात्र ते लागले. मी म्हणालो की मान गेलेला माणूस मेल्यात जमा आहे, आणि हा मान माझा एकट्याचा नसून बापाचा आहे.

"मान म्हणजे तुझ्या अंगणातली कोंबडी का रे? लूकसने उचलली आणि नेली?" बुवा म्हणाले. "थोमाचं पाणी तोडलं, त्याच्या अंगावर शेण टाकलं. त्याने कोणाच्या उंबऱ्यावर काठी ठेवली होती सांग मला. ती काठी त्याने उतारवयात टेकायला केली, सिलास. मारायला नाही."

मी शास्त्राचा आधार दिला. मला तो देता येत असे, व त्याचा मला अभिमान होता. जुन्या कराराच्या वीरांची नावे मी एकामागून एक घेतली. त्यांनीही शस्त्र धरले होते आणि देव त्यांच्या बाजूला होता. बुवांनी सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "लढाईच्या त्या सगळ्या कथा तुला ठाऊक आहेत, पण ज्याचं नाव तू घेतोस त्या येशूला स्वतःला थापड बसली होती, ती कथा कशी विसरलास?" भर न्यायसभेत, हात बांधलेले असताना, एका शिपायाने त्याला चपराक मारली. आकाशातून सैन्य उतरवण्याचे सामर्थ्य असणाऱ्याने हात उगारला नाही. आणि तो गप्पही बसला नाही, हे बुवांनी दोनदा सांगितले. "मी चुकीचे बोललो असेन तर चूक दाखव, नाही तर मारलेस का," एवढेच येशूने विचारले.

"लूकसला तू हे विचारलंस का?"

मी माझी बशी पुढे ओढली.

"विचारायचं तर आधी आपण काय बोललो ते सांगावं लागतं," बुवा म्हणाले. "मी पाच हातांवर उभा होतो. माझा एक कान चांगला आहे."

मी काय बोललो होतो ते आता येथे लिहितो, कारण आरंभी मी ते गाळले. मी म्हणालो होतो, "माझ्या बापाने येशू पत्करला तेव्हा तुझा बाप वेशीत मेलेली ढोरं ओढत होता, आणि तू त्यांच्यावर वाढलास." आमचे सगळ्यांचेच बाप-आजे ते काम करीत. माझे आजोबाही करीत. एका ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याला, मंदिराच्या पायाशी, प्रार्थनेचा आमेन हवेत असताना, हे म्हटले होते.

तरीही मी बुवांना म्हणालो की बोलायला तुमचे काय जाते, थापड काही तुम्हाला बसलेली नाही.

बुवांनी बशी खाली ठेवली. डाव्या कानाला हात लावून ते म्हणाले, "हा जन्मापासून बहिरा नाही." तो त्यांच्या थोरल्या भावाने बाप्तिस्म्याच्या दिवशी बहिरा केला होता. त्याच भावाला त्याच्या शेवटच्या आजारपणात बुवांनी घरी आणून अकरा महिने सांभाळले, हे साऱ्या वस्तीला ठाऊक होते. कानाची गोष्ट मात्र कोणाला ठाऊक नव्हती.

जाताना दारात ते वळले. "तू मरायला भीत नाहीस, हे मला दिसतं," ते म्हणाले. "मी विचारतोय ते वेगळं आहे. तू मारशील, मग काय करशील? एका माणसाला पश्चात्तापाला जी वर्षं दिली आहेत ती तू काढून घेशील, ती त्याला कुठून भरून देशील? रविवारी प्रभुभोजनाच्या मेजावरची भाकर मी तुझ्या कोणत्या हातावर ठेवू?" आणि शेवटी म्हणाले, "नाहीच राहवलं तर जा, पण रिकाम्या हातांनी जा."

मी गेलो, तो टोकाला लोखंडी वसू, म्हणजे टोपण, बसवलेली वेळूची काठी घेऊन गेलो.

ओढा मंदिराच्या जागेमागेच होता. त्या दिवसांत त्यात पाणी नसे. पांढरे गोटे आणि मधूनमधून वाळू. मी लवकर जाऊन उभा राहिलो.  खरे सांगायचे तर बुवांचे बोलणे माझ्यात कुठेतरी शिरले होते, आणि लूकस आला नाही तर बरे, असेही एकदा मनात येऊन गेले.

तो आला. अंगात कामाचाच सदरा, डोक्याला काही नाही. वडिलांची काठी त्याच्या खांद्यावर होती. पंचेचाळीसच्या घरातला, रुंद छातीचा माणूस. गोट्यांवरून तो असा चालत आला जसा परांचीवरून चालत असे, पायाकडे न पाहता. मी दोन्ही हातांनी काठी धरली. पाच-सहा हातांवर तो थांबला, माझ्याकडे पाहिले, आणि खांद्यावरची काठी उचलली.

पहिला वार माझा होता. रीत तशी होती. त्याने माझ्याआधी काठी उचलली म्हणजे त्याने रीतही मोडली, थोमाच्या घराचा एवढाही मान त्याने ठेवला नाही, एवढेच माझ्या डोक्यात आले. मी पुढे झेपावलो आणि मारले. वसूचे टोक त्याच्या कानाच्या वर लागले. आवाज मोठा झाला नाही. नारळ भिंतीवर आपटला तर जेवढा होतो, तेवढाच.

तो खाली बसला. पडला नाही, बसला, जसा कोणी दमून बसतो. आणि वडिलांची काठी त्याने अजून दोन्ही हातांत आडवी धरलेली होती, माझ्याकडे पुढे केलेली.

"परत द्याया आलो व्हतो रे," तो म्हणाला.

मला ते कळायला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. काठी फेकणे मला ठाऊक होते, काठी घरात घेणे ठाऊक होते. आमच्या शंभर वर्षांच्या रीतीत काठी परत आणून देणारा माणूस कधी झालाच नव्हता, म्हणून त्याला ओळखायचे कसे हे आम्हांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

मी गुडघ्यांवर आलो. त्याच्या कमरेला ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळलेले होते. त्याने ते बोटाने दाखवले. मी सोडले. आत थापी होती, घासून लख्ख केलेली.

"चुना पातळच व्हता, सिलास," तो म्हणाला. त्या वेळी त्याने मला मास्तर म्हटले नाही. "पन थापड मारायची न्हवती. उद्या शिळा उचलू. घट्ट कालवून देतो तुला. तू घाल."

मी धावत जाऊन माणसे आणतो असे म्हणालो. त्याने माझे मनगट धरले. कानामागून रक्त गळ्यात उतरत होते, फार नव्हते. मला वाटले एवढ्याने माणूस मरत नाही. त्याला मात्र काही वेगळे कळले असावे. तो सावकाश, विटांचा हिशेब सांगावा तसा बोलला. त्याला उचलून मी परांचीखाली नेऊन ठेवावे. तो परांचीवरून पडला असे सांगावे.

मी नाही म्हणालो.

"तुझी आई येकली हाय. आन् देऊळ अर्धं हाय. त्याला खुनाचं नाव लागलं तर ते पुरं व्हायचं न्हाई." मग म्हणाला, "दक्षिणेच्या परांचीखाली नको. ती कंबरेइतकी हाय, कोन इस्वास ठेवायचा न्हाई. उत्तरेकडच्या खाली ठिव."

मी त्याला पाठीवर घेतले. ओढ्याचा काठ चढताना त्याचे डोके माझ्या खांद्यावर, ज्या गालावर त्याने मारले होते त्या गालाशी होते. शुक्रवारचे काम दुपारीच सुटले होते, जागेवर कोणी नव्हते. मी त्याला उत्तरेकडच्या परांचीखाली निजवले, वडिलांची काठी घरी नेऊन खुंटीवर ठेवली, वेळूची काठी चुलीत घातली, आणि मग ओरडत वस्तीत गेलो. हे सर्व मीच केले. त्याने सांगितले म्हणून केले असे मी पुष्कळ काळ म्हणत असे. परंतु काठी जाळायला त्याने सांगितले नव्हते.

तालुक्याचे डॉक्टर आले, मान हलवून गेले. फौजदाराने लूकसला शुद्धीत असताना विचारले, आणि तो परांची म्हणाला. रविवारी त्याची वाचा गेली. सोमवारी सकाळी तो वारला.

मातीनंतर यशयाबुवा माझ्या शेजारून चालत होते. त्यांनी मला एवढेच सांगितले की बुधवारी, काठी दिसल्यावर, त्यांनी आधी लूकसशी बोलणे केले होते. लूकसने सगळे ऐकले आणि काठी आपण स्वतः परत देऊ म्हणून कबूल केले. पण सिलासला आधी कळवू नका, माफी ज्याची त्याने मागावी, निरोप्याने नव्हे, असे म्हणाला. बुवांना ते पटले. "ते मला पटलं," बुवा पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा झाला की मी त्यांच्याकडे पाहू शकलो नाही. काही पावले गेल्यावर ते म्हणाले, "जाताना त्याने मला गप्प राहण्याची शपथ घातली आहे. तुला कोणी घातलेली नाही."

मी गप्प राहिलो. मंगळवार गेला, बुधवार गेला. काहीही झाले नाही. मला वाटले होते की आकाश फाटेल. तसे काही झाले नाही. लोक मला पूर्वीसारखाच सलाम करीत राहिले. किंबहुना एक-दोघांनी मला सांगितले की देवाने थोमाच्या घराच्या अपमानाचा न्याय परस्पर केला.

गुरुवारी नेवाशाहून नवा गवंडी आला. उत्तरेकडच्या परांचीवर चढून त्याने बांबू हलवून पाहिले, गाठी पाहिल्या, आणि खाली उभ्या असलेल्या आम्हां दहा-बारा जणांना म्हणाला की एवढ्या पक्क्या परांचीवरून पडायला माणूस शुद्धीत नसला पाहिजे. कोणीतरी हसले. कोणी म्हणाले, शुक्रवार होता, काम सुटले होते, कुठे बसला असेल घोट घेत. ज्याने हे म्हटले त्याला लूकसने घर बांधून दिले होते. पाण्याचा हंडा घेऊन लूकसची बायको सलोमी तिथून जात होती. ती थांबली.

"माझ्या मालकाचा पाय पंचवीस वर्सांत सरकला न्हाई," ती म्हणाली.

कोणी तिला उलटून बोलले नाही. तिच्या पाठीमागे मात्र, हंडा नजरेआड होण्याच्या आत, पुन्हा कोणीतरी खुदकन हसले. मी तिथे उभा होतो. लूकस गवंड्याने जन्मभर मिळवलेले एकच नाव होते, आणि तेच तो माझ्यासाठी देऊन गेला होता. मी गालावरच्या चार बोटांसाठी माणूस मारला. त्याने मात्र जाताना आपले सगळे नाव खाली ठेवले, आणि ते दारुड्याचे झाले.

रविवारी प्रभुभोजन होते. नवे मंदिर पुरे नव्हते, म्हणून उपासना जुन्या पत्र्याच्या शेडमध्येच भरली. शास्त्रपाठ माझा होता. मी घरून निघताना खुंटीवरची काठी घेतली, तेव्हा आई चुलीपुढे होती. तिने पाहिले आणि हातातली भाकर तव्यावरच राहू दिली. तिने मला अडवले नाही. ती माझ्या मागे चालत आली.

त्यानंतर जे व्हायचे ते झाले. फौजदार आला, खटला चालला, मी सात वर्षे शिक्षा भोगली. तुरुंगातच गवंडीकाम शिकलो, आणि चुना हाताला लागू लागला तेव्हा कळले की त्या दिवशीचा चुना खरोखरच पातळ होता. हे सर्व मागाहूनचे. त्या सकाळी मी पुढे गेलो, भाकर आणि द्राक्षारस ठेवलेल्या मेजापुढे वडिलांची काठी आडवी ठेवली, आणि शास्त्रपाठ उघडला नाही.

मी म्हणालो, लूकसदादा परांचीवरून पडला नाही. ओढ्यात मी त्याला काठीने मारले. तो माझी काठी परत द्यायला आला होता.

 यशयाबुवांनी डोळे मिटले होते. पुरुषांच्या बाजूला कोणीतरी उठू लागले आणि अर्ध्यातच थांबले. बायकांच्या बाजूला, पहिल्या सतरंजीवर, सलोमी उभी राहिली. मला वाटले ती माझ्या अंगावर धावून येईल, आणि तिने यावे अशी मी मनोमन वाट पाहत होतो.

ती जागची हलली नाही. काठीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"म्हंजी त्येंचा पाय सरकला न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई, वहिनी."

तिने डोईवरचा पदर सारखा केला, मागे वळून त्या सगळ्या माणसांकडे एकदा पाहिले, आणि खाली बसली.